कृत्रिम खांदा हाडात रुजला कसा

मानवी शरीरात खांद्याइतका मोकळा सांधा दुसरा नाही आणि हा मोकळेपणा त्याला स्थैर्याच्या मोबदल्यात मिळालेला आहे. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल एका खोल वाटीत बुडालेला असतो. खांद्यात मात्र दंडाच्या हाडाचा मोठा गोल पाठीवरच्या फऱ्याच्या टोकाला असलेल्या, वर निमुळत्या आणि खाली रुंद अशा उथळ वाटीवर नुसता टेकलेला असतो. त्याला जागेवर धरण्याचे काम हाडापेक्षा भोवतालचे स्नायू आणि कंडराच अधिक करतात. पाश्चात्त्य देशांतील मोजमापांत या वाटीची उंची सरासरी ३९ मिलिमीटर आणि रुंदी २९ मिलिमीटर भरते. वाटीच्या मागे फऱ्याचे हाड झपाट्याने अरुंद होत जात असल्यामुळे तिच्यात काही रोवायचे म्हटले तर फारशी खोली हाती लागत नाही. पॉपेन आणि वॉकर या संशोधकांनी १९७८ मध्ये केलेल्या गणितानुसार, हात बाजूने खांद्याच्या पातळीपर्यंत उचलला तर या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे नऊदशांश इतका दाब येतो. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईने रिकामा हात आडवा धरला तरी त्या इवल्याशा वाटीवर ४५ किलोंच्या आसपास भार पडतो.

कृत्रिम खांद्याचा इतिहास या विसंगतीतून उलगडत जातो. धातू सुधारले, प्लास्टिक आले, सिमेंट आले, तरीही बसवलेला सांधा वाटीपाशी सैल होण्याचा प्रश्न शंभर वर्षे पुन्हा पुन्हा उभा राहिला. प्रत्येक पिढीतील शल्यविशारदांनी आधी पकड घट्ट करण्याचा प्रयत्न केला. खरी प्रगती मात्र ज्यांनी सांध्याचा आकार बदलून पकडीवर येणारा ताणच कमी केला त्यांच्या हातून झाली, असे या घटनाक्रमाकडे पाहताना स्पष्ट दिसते.

या इतिहासाची सुरुवात क्षयरोगाने केली. एकोणिसाव्या शतकात क्षय केवळ फुप्फुसांत राहत नसे. तो हाडांत आणि सांध्यांत उतरत असे आणि सडलेला सांधा काढून टाकणे किंवा हातपायच छाटणे हाच बहुतेकदा इलाज असे. रोबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला होता, पण त्यावरचे औषध यायला आणखी सहा दशके लागणार होती. या काळात बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक हा शल्यविशारद हस्तिदंताचे सांधे घडवत होता. १८९० मध्ये त्याने गुडघ्यात असा सांधा बसवला, आणि हस्तिदंत हाडात पक्के राहावे म्हणून राळ, प्युमिस दगडाची पूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांचे मिश्रण वापरून पाहिले. हाडात परकी वस्तू नुसती ठेवून भागणार नाही, तिला तिथे धरून ठेवणारे काहीतरी हवे, हा विचार इतक्या आधी करणारा ग्लुक काळाच्या पुढे होता. त्याचे सांधे अखेर जंतुसंसर्गापायी हरले, आणि क्षयग्रस्त सांध्यात परकी वस्तू बसवू नये असे त्याने स्वतःच पुढे सांगितले.

ग्लुकच्या कामाचा आधार घेऊन पॅरिसमधील ज्यूल-एमिल पेआं याने १८९३ मध्ये खांद्याचा पहिला नोंदलेला कृत्रिम सांधा बसवला. रुग्ण ३७ वर्षांचा होता, क्षयाने त्याच्या दंडाच्या हाडाचे वरचे टोक पोखरले होते आणि हात छाटून घ्यायला त्याने ठाम नकार दिला होता. पेआंने सांध्याची रचना जे. पोर्टर मायकेल्स नावाच्या दंतवैद्याकडून करून घेतली. हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा प्लॅटिनमचा होता. वरचा गोल पॅराफिनमध्ये उकळून कडक केलेल्या रबराचा होता. आणि त्या गोलावर एकमेकांना काटकोनात कोरलेल्या दोन खोबणींतून धातूच्या कड्या जात होत्या, ज्यांतली एक फऱ्याच्या वाटीला आणि दुसरी दांड्याला जोडलेली होती. म्हणजे गोल वाटीत फिरणार होता, पण निसटू नये म्हणून कड्यांनी बांधलेलाही होता. रुग्णाला हाताचा बऱ्यापैकी वापर परत मिळाला, परंतु जखम वाहत राहिली आणि सुमारे दोन वर्षांनी तो सांधा काढून टाकावा लागला. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. संसर्गाने तो हरला ही गोष्ट सर्वज्ञात आहे. मात्र गोल निसटू नये म्हणून त्याला वाटीशी बांधून टाकण्याचा पेआंचा विचार पुढे ऐंशी वर्षांनी पुन्हा डोके वर काढणार होता आणि तेव्हा त्याचा तोटा अधिक स्पष्टपणे दिसणार होता.

पेआंनंतर जवळपास अर्धशतक या क्षेत्रात फारसे काही घडले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रेस्बिटेरियन रुग्णालयात चार्ल्स नीर हा तरुण शल्यविशारद वेगळ्याच प्रश्नाने अस्वस्थ झाला होता. दंडाच्या हाडाचा गोल तुटून जागेवरून निखळला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो मरतो, म्हणून त्या काळी तो गोल काढून टाकण्याची पद्धत होती. गोल काढलेल्या रुग्णांचे हात दुखरे आणि निकामी राहतात असे नीरला दिसत होते. गोलाच्या जागी गोलच बसवावा, या साध्या विचारातून त्याने व्हिटॅलियम या कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचा गोल आणि त्याला जोडलेला दांडा असा अखंड तुकडा तयार करवून घेतला. हा मिश्रधातू १९३० च्या दशकात दंतवैद्यकासाठी तयार झाला होता, म्हणजे खांद्याच्या सांध्यावर दंतवैद्यांचे ऋण दुसऱ्यांदा चढले. नीरने १९५५ मध्ये १२ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वाटीला त्याने हातही लावला नव्हता. दांडा हाडाच्या पोकळीत दाबून बसवला की तो टिकत होता, कारण दंडाचे हाड लांब आणि नळीसारखे पोकळ असल्याने दांड्याला आधार भरपूर मिळतो. खांद्याच्या कृत्रिम सांध्यात दंडाकडची बाजू तुलनेने सोपी आणि फऱ्याकडची बाजू अवघड, हा फरक तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

वाटीकडे वळण्यासाठी आधी इंग्लंडमध्ये खुब्याचे काम व्हावे लागले. जॉन चार्नली याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धातूचा छोटा गोल, पॉलिएथिलीन या दाट प्लास्टिकची वाटी आणि दोन्ही हाडात पक्के करणारे ॲक्रिलिक सिमेंट हे त्रिकूट यशस्वी करून दाखवले. या सिमेंटला सिमेंट म्हणत असले तरी ते चिकटत नाही. पिठासारखे मळलेले असताना ते हाडाच्या जाळीदार छिद्रांत दाबले जाते, काही मिनिटांत घट्ट होते आणि छिद्रांत अडकून राहिल्यामुळे पकड देते. नीरने हेच तंत्र खांद्यात आणले. १९७३ च्या सुमारास तयार झालेल्या त्याच्या दुसऱ्या रचनेत धातूच्या गोलासमोर पॉलिएथिलीनची पातळ वाटी होती आणि तिच्या पाठीवर एक उभे पाते होते, जे फऱ्यात कोरलेल्या खाचेत सिमेंटने बसवले जाई. संधिवाताने दोन्ही पृष्ठभाग झिजलेल्या रुग्णांना या पूर्ण सांध्याने वेदनेतून जी सुटका दिली, तिच्यामुळे खांदा बदलण्याची शस्त्रक्रिया सर्वमान्य होऊ लागली.

पण ज्यांचे स्नायूच निकामी झाले होते अशा रुग्णांचा प्रश्न सुटला नाही. खांद्याभोवती चार स्नायूंच्या कंडरांचे एक आवरण असते, त्याला रोटेटर कफ म्हणतात. हात उचलताना मोठा डेल्टॉइड स्नायू गोलाला वर खेचत असतो आणि हे आवरण त्याच वेळी गोलाला वाटीत दाबून धरते. आवरण फाटलेले असेल तर डेल्टॉइडच्या ओढीने गोल वर सरकतो आणि हात उचलला जात नाही. अशा खांद्यात नीरचा सांधा बसवला तरी तो वर सरकणारच होता. साहजिकच १९७० च्या दशकात अनेकांनी गोल आणि वाटी यांना यांत्रिकरीत्या एकमेकांत अडकवण्याचा मार्ग धरला. लंडनजवळच्या स्टॅनमोर येथे लेटिन आणि स्केल्स यांनी खुब्याच्या धर्तीवर बंदिस्त सांधा केला, शिकागोच्या मायकेल रीझ रुग्णालयात मेल्विन पोस्ट यांनी आपला केला, जर्मनीत कोल्बेल यांनी, आणि खुद्द नीरनेही एकामागोमाग एक तीन रचना करून पाहिल्या. त्यांपैकी काहींत गोल आणि वाटीच्या जागांची अदलाबदल केलेली होती, म्हणजे गोल फऱ्यावर आणि वाटी दंडावर. लंडनच्या लिपमन केसेल यांनी तर फऱ्यावरचा गोल एका जाड मध्यवर्ती स्क्रूने पक्का केला होता.

या सांध्यांचे काय झाले ते समजून घेण्यासाठी थोडे बलशास्त्र पाहावे लागते. मोकळ्या सांध्यात हात टोकापर्यंत गेला की गोल वाटीवर किंचित घसरतो आणि ताण स्नायूंवर येतो. बंदिस्त सांध्यात घसरायला जागाच नसते. हात टोकाला पोचल्यावर पुढची प्रत्येक ओढ तरफेसारखी वाटीच्या मुळाशी जाते, आणि संपूर्ण हाताची लांबी या तरफेचा दांडा बनते. त्या उथळ वाटीतल्या चिमूटभर हाडाला आणि सिमेंटला हा ताण पेलणारा नव्हता. वाट्या उपसून निघाल्या, धातू वाकले, काही मोडले. नीरने आपल्या बंदिस्त रचना १९७४ च्या सुमारास सोडून दिल्या. या दशकाने शल्यविशारदांना शिकवलेला धडा कठोर होता, पण त्याचा अर्थ लावताना बहुतेकांनी उलटी रचनाच चुकीची असे ठरवले. दोष गोल कोणत्या बाजूला आहे यात नसून तो हाडापासून किती अंतरावर आहे यात होता, हे पाहायला आणखी एक दशक आणि एक वेगळे डोके लागले.

दरम्यान नीरच्या मोकळ्या सांध्यातही वाटी सैल होण्याच्या तक्रारी साचत होत्या. शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेत सिमेंट आणि हाड यांच्या मध्ये बारीक काळी रेघ दिसू लागे. काही रुग्णांत ती वर्षानुवर्षे तशीच राही, काहींत रुंदावत जाई आणि अखेर वाटी हलू लागे. अमेरिकेतील सिएटल येथील फ्रँकलिन, मॅटसेन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये यामागचे एक कारण नेमके दाखवून दिले. रोटेटर कफ फाटलेला असेल तर गोल वर चढतो आणि वाटीच्या वरच्या काठावर दाब देतो, त्यासरशी खालचा काठ हाडापासून उचलला जातो. हात खाली आला की उलट घडते. मुले ज्यावर बसून मागेपुढे डोलतात त्या लाकडी घोड्याप्रमाणे वाटी डोलत राहते आणि प्रत्येक डोलण्यागणिक सिमेंटची पकड थोडी सुटते, म्हणून शल्यविशारदांनी या प्रकाराला डोलणाऱ्या घोड्याचेच नाव दिले. सिमेंट कितीही चांगले असले तरी ते दाबाला टिकते, ओढीला आणि उचकटण्याला टिकत नाही, एवढे या निरीक्षणातून निश्चित झाले.

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे वाटीच्या पाठीचा आकार ठरवण्यात गेली, आणि बाहेरून क्षुल्लक वाटणारे हे काम या इतिहासातील सर्वांत मोलाच्या कामांपैकी आहे. एका पात्याऐवजी तीन-चार खिळे दिले तर काय होईल, सपाट पाठीऐवजी बहिर्गोल पाठ दिली तर काय, गुळगुळीतऐवजी खरबरीत केली तर काय, असे प्रश्न एकेक करून प्रयोगशाळेत तपासले गेले. कॅनडात कॅरोल अँग्लिन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या यांत्रिक चाचण्यांत वाटीच्या काठांवर आळीपाळीने भार देऊन ती किती डोलते ते मोजले. बहिर्गोल आणि खरबरीत पाठीच्या, खिळ्यांच्या आणि गोलाला कमी जखडणाऱ्या वाट्या त्यांत सरस ठरल्या. त्याच वर्षी डब्लिनमधील लाक्रोआ, मर्फी आणि प्रेंडरगास्ट यांनी संगणकीय गणिताने एक महत्त्वाची पुरवणी जोडली: निरोगी हाडात खिळे चांगले, पण संधिवाताने मऊ पडलेल्या हाडात पाते बरे. म्हणजे एकच आकार सर्वांना लागू पडत नव्हता. गार्ट्समन यांनी २००५ मध्ये चिठ्ठ्या टाकून रुग्ण विभागलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी पाहिले, तेव्हा पात्याच्या २३ वाट्यांपैकी ९ मध्ये आणि खिळ्यांच्या २० पैकी फक्त एका वाटीत काळी रेघ आढळली.

गोल आणि वाटी यांच्या वक्रतेतील फरकही असाच निर्णायक ठरला. वाटी गोलाला अगदी तंतोतंत बसणारी केली तर गोलाला घसरायला वाव राहत नाही आणि ताण काठांवर जातो. वाटी फारच पसरट केली तर स्पर्श एका बिंदूवर येतो आणि प्लास्टिक झिजते. फ्रान्समधील ल्यों शहराचे जिल वाल्श आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ३१९ खांद्यांची एक्स-रे चित्रे तपासून दाखवले, की वाटीच्या वक्रतेची त्रिज्या गोलाच्या त्रिज्येपेक्षा ६ ते १० मिलिमीटरांनी मोठी असेल तेव्हा काळ्या रेघा सर्वांत कमी असतात. नैसर्गिक खांद्यातील थोडीशी सैल जागा निसर्गाची उणीव नव्हती. वाटीच्या मुळाचे रक्षण तीच करत होती.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हा सारा विचार कसा उतरतो, तेही पाहण्यासारखे आहे. शल्यविशारद वाटीवरची उरलीसुरली कूर्चा काढून अर्धगोल पात्याच्या यंत्राने हाड खरवडतो, पण हाडाचा वरचा टणक थर शक्य तितका राखतो, कारण त्याखालचे हाड स्पंजासारखे मऊ असते. मग साच्यातून खिळ्यांची छिद्रे पाडली जातात, ती धुऊन आत कापडी वात दाबून कोरडी केली जातात, कारण हाडातून झिरपणारे रक्त सिमेंट आणि हाड यांच्या मध्ये आले तर तिथेच उद्याची काळी रेघ तयार होते. सिमेंट सिरिंजने छिद्रांत दाबून भरले जाते आणि वाटी बसवल्यावर ते पूर्ण घट्ट होईपर्यंत तिच्यावरचा दाब सोडला जात नाही. अमेरिकेतील लॅझरस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ३२८ रुग्णांचे शस्त्रक्रियेनंतरचे पहिले एक्स-रे तपासले, तेव्हा फक्त २० जणांच्या चित्रांत एकही काळी रेघ नव्हती. उत्तम रचनेलाही हाताच्या कौशल्याची जोड लागते, हे त्या आकड्याने बजावले.

सिमेंटच नको, हाड थेट धातूवर वाढू द्यावे, असा पर्याय याच काळात जोमाने पुढे आला. धातूचा पृष्ठभाग सच्छिद्र असेल आणि तो हाडाशी घट्ट टेकलेला असेल तर हाडाच्या पेशी त्या छिद्रांत वाढतात. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत दोहोंमधील हालचाल सुमारे १५० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या भागाच्या वर गेली तर हाडाऐवजी तंतूंचा मऊ पडदा तयार होतो आणि पकड कधीच येत नाही. वाटीला धातूची पाठ देऊन तिला स्क्रूंनी आवळावे, त्यावर प्लास्टिक बसवावे, हा तर्क सुसंगत दिसत होता. नीस येथील पास्काल ब्वालो आणि सहकाऱ्यांनी ४० खांद्यांत या दोन प्रकारांची काटेकोर तुलना करून २००२ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. काळ्या रेघा सिमेंटच्या वाट्यांभोवती ८५ टक्के आणि धातूच्या पाठीच्या वाट्यांभोवती २५ टक्के होत्या, पण सैल होऊन हललेल्या वाट्या सिमेंटच्या गटात मुळीच नव्हत्या आणि धातूच्या गटात २० टक्के होत्या. धातूच्या जाडीमुळे प्लास्टिक पातळ ठेवावे लागत होते, पातळ प्लास्टिक लवकर झिजत होते आणि झिजेचे कण हाड पोखरत होते. चांगला दिसणारा एक्स-रे आणि टिकणारा सांधा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव या अभ्यासाने खोलवर रुजवली.

खरी कलाटणी मात्र याआधीच फ्रान्सच्या दीजों शहरात मिळाली होती. तिथल्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये उलट्या सांध्याचा विचार मुळापासून केला. आधीच्या उलट्या रचनांत फऱ्यावरच्या गोलाला मान होती, त्यामुळे सांधा ज्या बिंदूभोवती फिरतो तो केंद्रबिंदू हाडापासून दूर होता आणि दर हालचालीत मुळाशी उचकटणारी तरफ तयार होत होती. ग्रामाँ यांनी मानच काढून टाकली. अर्धगोल थेट हाडावर बसवल्याने फिरण्याचा केंद्रबिंदू फऱ्याच्या वाटीच्या पृष्ठभागावरच आला आणि जो ताण हाडाला उचकटत होता तो आता त्याला दाबू लागला. केंद्र आत आणि दंडाचे हाड खाली सरकल्यामुळे डेल्टॉइड स्नायू ताणला जाऊन त्याची तरफ वाढली आणि रोटेटर कफ नसतानाही तो एकटा हात उचलू शकला. सांध्याचे 'डेल्टा' हे नावही त्या स्नायूवरूनच आले. १९८७ मध्ये ग्रामाँ यांनी पहिल्या ८ रुग्णांचा वृत्तान्त दिला. सुरुवातीचा गोल पूर्ण गोलाच्या दोनतृतीयांश होता आणि सिमेंटने बसवलेला होता. त्याचे केंद्र पुरेसे आत न गेल्याने काही सैल झाले. मग त्यांनी तो अर्धगोल केला आणि सिमेंट सोडून मध्यवर्ती खिळा व भोवतीचे स्क्रू यांच्या साहाय्याने २९ मिलिमीटर व्यासाची गोल धातूची आधारपट्टी हाडावर आवळली. १९९१ मध्ये ही रचना 'डेल्टा ३' म्हणून बाजारात आली. जी धातूची पाठ सरळ सांध्यात अपयशी ठरली तीच इथे यशस्वी झाली, कारण इथे ताणाची दिशा बदललेली होती. या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, या प्रश्नाला ग्रामाँ यांनी काढून टाकलेली ती मान हेच उत्तर द्यावे लागेल.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उलट्या सांध्याला २००३ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी दिली. तोवर युरोपात त्याचा एक दोषही दिसू लागला होता: केंद्र इतके आत असल्यामुळे हात शरीराशी टेकवताना दंडावरची प्लास्टिकची वाटी फऱ्याच्या खालच्या काठावर घासते आणि तिथे खाच पडते. फ्रान्समधील सिर्व्हो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या खाचेच्या चार पायऱ्या ठरवल्या, ज्यांतील शेवटची पायरी आधारपट्टीच्या मध्यवर्ती खिळ्याखालपर्यंत पोचते. झ्युरिकमधील निफेलर यांनी पट्टी फऱ्याच्या वाटीच्या खालच्या काठाशी बसवल्यास घासणे कमी होते असे दाखवले. फ्लोरिडातील मार्क फ्रँकल यांनी केंद्र पुन्हा थोडे बाहेर आणले, त्यामुळे खाच टळली पण तरफही थोडी परतली आणि पहिल्या मालिकेत काही आधारपट्ट्या निसटल्या. त्यांनी भोवतीचे स्क्रू ५ मिलिमीटर जाडीचे आणि पट्टीत चक्क आट्यांनी अडकणारे केल्यावर २००८ च्या वृत्तान्तात पट्टी निसटल्याचे एकही उदाहरण उरले नाही. केंद्र आत ठेवावे की बाहेर, हा वाद आजही सुरू आहे. पण दोन्ही पक्ष ग्रामाँ यांच्याच तत्त्वाच्या मर्यादेत बोलत आहेत.

दंडाकडच्या बाजूचा इतिहास त्या मानाने शांत आहे. दांडे क्वचितच सैल होत. अडचण वेगळीच होती: पुढे कधी सांधा बदलावा लागला तर सिमेंटमध्ये पक्का झालेला लांब दांडा काढताना हाड चिरावे लागे, आणि भार दांड्यातून खाली गेल्यामुळे वरचे हाड विरळ होई. इंग्लंडच्या रेडिंग येथील स्टीफन कोपलंड यांनी १९८६ पासून गोलावर नुसते धातूचे कवच चढवण्याचा मार्ग दाखवला होता. २००४ मध्ये युरोपात दांडाविरहित सांधा आला, जो हाडाच्या वरच्या जाळीदार भागातच पकड घेतो. अमेरिकेत असा पहिला सांधा २०१५ मध्ये मान्य झाला.

हा सारा इतिहास पाश्चात्त्य हाडांवर मापून घडला, आणि मराठवाड्यातल्या रुग्णापर्यंत तो पोचताना ही बाब निर्णायक ठरते. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचना विभागांत कोरड्या फऱ्यांवर झालेल्या अनेक मोजमापांत वाटीची उंची साधारण ३३ ते ३६ मिलिमीटर आणि रुंदी २३ ते २५ मिलिमीटर आढळते. ग्रामाँ यांची २९ मिलिमीटरची गोल पट्टी अशा वाटीवर ठेवली तर तिचे काठ हाडाबाहेर लोंबतात आणि पुढचे-मागचे स्क्रू पकडायला हाडच उरत नाही. ठेंगण्या, वयस्क बाईच्या बाबतीत हे अधिकच खरे. कंपन्यांनी पुढे २५ मिलिमीटर आणि त्याहून लहान पट्ट्या काढल्या. गुडघ्याच्या बाबतीत महाराष्ट्रात असा विचार आधी झाला होता, पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून 'इंडस' हा गुडघ्याचा सांधा विकसित केला. खांद्यासाठी असा प्रयत्न त्या प्रमाणात झालेला नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. किमतीच्या बाबतीतही खांदा मागेच राहिला: केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, पण खांद्याचा सांधा त्या आदेशात नव्हता.

परभणी-परळी लोहमार्गावरील पोखर्णीसारख्या गावात खांद्याची गरज शहरातल्या गरजेपेक्षा वेगळी असते. कापसाची वेचणी, डोक्यावरचा भारा, विहिरीवरची घागर, आणि जमिनीवर बसून उठताना हातावर टेकणारा देह, या प्रत्येक क्रियेत भार सांध्यातून वेगळ्या दिशेने जातो. हातावर जोर देऊन उठताना दंडाचे हाड फऱ्याकडे वर ढकलले जाते. उलट्या सांध्यात नेमक्या याच दिशेने आधारपट्टीच्या स्क्रूंवर ताण येतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत, हाड धातूत वाढत असताना, असे उठणे टाळावे लागते. घरात बाज किंवा खुर्ची असणे ही अशा रुग्णासाठी उपचाराचाच भाग ठरते. पडून खांद्याचे हाड मोडलेल्या बहुसंख्य वृद्धांना सांधा बदलण्याची गरजच पडत नाही हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ब्रिटनमध्ये २५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झोळीत हात ठेवून केलेले उपचार आणि शस्त्रक्रिया यांच्या निष्पत्तीत लक्षणीय फरक दिसला नाही.

ज्यांना सांधा बसवावाच लागतो त्यांच्यासाठी आज शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनवर वाटीची उंची, रुंदी, तिरपेपणा आणि मागच्या हाडाची खोली मोजली जाते, संगणकावर पट्टी बसवून प्रत्येक स्क्रू हाडातून किती लांब जाईल ते पाहिले जाते, आणि झीज एकाच बाजूला झालेली असेल तर पाचरीसारखी जाड बाजू असलेली पट्टी निवडता येते. त्यानंतर उरते ती वर्षानुवर्षांची देखरेख, कारण काळी रेघ रुंदावू लागते तेव्हा पुष्कळदा रुग्णाला काहीच दुखत नसते. पोखर्णीहून परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला केवळ एका एक्स-रेसाठी, तेही दुखत नसताना, वर्षातून एकदा जाणे हे सुगीच्या दिवसांत सहज घडत नाही. म्हणून दर वर्षीचे चित्र जुन्या चित्राशेजारी ठेवून वाचण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी उभी राहणे, हे त्या सांध्याच्या आयुष्याच्या दृष्टीने स्क्रूच्या जाडीइतकेच मोलाचे आहे.